नास, एसॅप रॉकी आणि आपली हलगी: मराठवाड्यातल्या रॅपबद्दल

कोरडवाहू (धागाकर्ता)

परभणीत माझी लहानशी रेकॉर्डिंगची खोली आहे. भीमगीतं, देवीची गाणी, सप्त्याची जाहिरात, निवडणूक आली की प्रचाराची गाणी, हे माझं नेहमीचं काम. अलीकडं संध्याकाळचं गिऱ्हाईक मात्र वेगळं असतं. बारावीची, आयटीआयची, एमपीएससी करणारी पोरं एका मोटारसायकलवर तिघं बसून येतात. मोबाईलमध्ये यूट्यूबवरून उतरवलेला बीट, म्हणजे तयार ठेका, असतो आणि वहीत स्वतः लिहिलेलं रॅप. नांदेड, लातूर, जालना, बीड, हिंगोली, सगळीकडं ही पोरं आहेत. त्यांची गाणी रेडिओवर लागत नाहीत, गणपतीत मंडळं त्यांना बोलवत नाहीत, पण एकमेकांची गाणी त्यांना तोंडपाठ असतात.

या पोरांच्या तोंडी सारखं एकच असतं, "सर, एकदा बाहेरच्या मोठ्या माणसानं उचललं की झालं." ती हे उगाच म्हणत नाहीत. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या रॅपर नेझीनं आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, त्यावरच व्हिडिओ काढला. पुढच्या वर्षी तो आणि अंधेरीचा डिव्हाईन एका गाण्यात एकत्र आले. २०१९ मध्ये त्या दुनियेवर हिंदी सिनेमा आला आणि त्याचा कार्यकारी निर्माता होता न्यूयॉर्कचा रॅपर नास. त्याच वर्षी नासच्या मास अपील या गाण्यांच्या कंपनीनं युनिव्हर्सल या मोठ्या कंपनीबरोबर भारतात लेबल काढलं आणि पहिला करार डिव्हाईनशी केला. २०२४ मध्ये केरळच्या हनुमानकाइंड या रॅपरचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या गाण्यांच्या यादीत २३ व्या नंबरापर्यंत गेलं, मागून न्यूयॉर्कच्याच एसॅप रॉकी या रॅपरनं त्याच्यावर आपल्या ओळी टाकल्या. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी हाउस (क्लबात नाचायच्या संगीताचं) गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीवरून निघालं. मराठी, आणि स्पिनिनवर!

माझं म्हणणं एवढंच आहे. बाहेरच्यांनी ज्यांना ज्यांना हात दिला ती माणसं आपापल्या गल्लीचा आवाज घेऊन उभी होती. आपल्याकडं तो आवाज ढिगानं आहे, हलगी आहे, संबळ आहे, एकतारी आहे, दखनी बोली आहे. आमची पोरं मात्र अटलांटाच्या बीटवर दिल्लीच्या हिंदीत परभणीचं दुःख सांगतात. आणि ज्या घरांत हलगी आहे, त्या घरातल्या माणसाला या सगळ्यात कुणी विचारत नाही. हे दोन्ही बदलल्याशिवाय बाहेरून कुणी कौतुक केलं तरी ते आपल्यापर्यंत पोचणार नाही असं मला वाटतं. तुम्ही बोला.

सिडको_एन७

दादा, धागा काढल्याबद्दल आभार. मी संभाजीनगरचा, स्वतः लिहितो आणि गातो.

हिंदीबद्दल थोडं वेगळं मत आहे. आमच्या शहागंजात, सिटी चौकात, रोशन गेटला जी बोलतात ती दिल्लीची हिंदी नाही की मुंबईची पण नाही. ती आमची आहे. वली आणि सिराज, दोघं औरंगाबादचे शायर, त्यांची भाषा इथलीच. वली १७०० साली दिल्लीला गेला, आणि पुढं त्याचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, तिकडं पोचल्यावर दिल्लीचे शायर फारसी सोडून या बोलीत लिहायला लागले. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथली बोली राजधानीनं डोक्यावर घेतली होती. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. एका मुशायऱ्यात एका बुजुर्ग माणसाकडून ऐकलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून मी मराठी आणि दखनी दोन्हीत लिहितो. एका कडव्यात आई बोलते, दुसऱ्यात दोस्त बोलतो. पोरांना ते लगेच कळतं कारण आमच्या घरी, कट्ट्यावर असंच चालतं.

बीटबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. यूट्यूबवरचा फुकटचा बीट हजार पोरांनी वापरलेला असतो. गाणं ऐकायला लागलं की पहिल्या चार सेकंदांत ऐकणारा म्हणतो, हा तर ऐकलाय.

स्पष्ट_बोलतो

कोरडवाहू, तुमची तळमळ कळते, पण एक गोष्ट आधी मान्य करून पुढं जाऊ. नास इथं आला तो युनिव्हर्सलबरोबर आला. याला मी कौतुकापेक्षा गुंतवणूक म्हणेन. भारतात स्वस्त इंटरनेट आलं, कोट्यवधी पोरं कानात इअरफोन घालून फिरायला लागली, तेव्हा बाहेरच्या कंपन्यांना इथलं रॅप दिसलं. त्याआधीही इथं पोरं होतीच की. आणि हनुमानकाइंड ह्यूस्टनमध्ये वाढला, इंग्रजीत गातो. त्याचं उदाहरण परभणीच्या पोराला देणं म्हणजे त्याला चुकीच्या गाडीत बसवणं.

परदेशी माणसानं बोट दाखवल्यावरच आपल्याला आपलं पोर दिसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कोरडवाहू (धागाकर्ता)

@स्पष्ट_बोलतो, गुंतवणूक आहे हे मान्य. पैसा आल्याशिवाय कुणाचं घर चालत नाही, त्यामुळं त्याचं मला वावडं नाही.

हनुमानकाइंडचं मी मुद्दाम लिहिलं. शब्द इंग्रजी आहेत, पण त्या व्हिडिओत काय आहे? मौत का कुआँ. फळ्यांच्या विहिरीत गरगर फिरणाऱ्या मोटारसायकली आणि गाड्या. ते पोन्नानीत चित्रित केलंय, पण माळेगावच्या यात्रेत खंडोबाला गेलेल्या कुठल्याही नांदेडच्या पोराला विचारा, फळ्यांचा तो आवाज त्याला ओळखीचा आहे. आणि २०२५ मध्ये कोचेला या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवाच्या स्टेजवर गेला तेव्हा हा माणूस केरळची चेंडा, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवणारी मंडळी सोबत घेऊन गेला. कॅलिफोर्नियाच्या मैदानात चेंडा! ते बघून मी सरळ उठून उभा राहिलो. ती मंडळी देवळाच्या उत्सवात वाजवणारी. त्यांना कुणी "तुमचं जुनं झालं" म्हणालं नाही.

आता सांगा, हलगीत काय कमी आहे?

तुळजाई

हलगीत काही कमी नाही, पण माझी एक काळजी आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातली, शिक्षिका आहे. माहेर गोंधळ्यांचं. लग्नानंतर घरोघरी आई भवानीचा गोंधळ घालणारे माझे वडील आणि काका. संबळ, तुणतुणं, पेटती पोत, रात्रभर कथा. संबळाचा एक भाग खर्जात बोलतो, दुसरा टिपेला. वडील म्हणायचे, एका माणसाच्या दोन हातांत नवरा-बायको भांडतात आणि नांदतात.

काळजी अशी की शहरातली मुलं येतात, मोबाईलवर दहा मिनिटं संबळ रेकॉर्ड करून नेतात, पाया पडतात, पाचशे रुपये ठेवतात. नंतर ते गाणं येतं आणि खाली लिहिलेलं असतं "लोकसंगीत, पारंपरिक". माझ्या वडिलांचं नाव कुठंच नाही. हे आमच्या घरी झालेलं आहे. ज्यांनी केलं त्यांचं नाव मी इथं घेणार नाही, त्यांचं वाईट चिंतायचं नाही मला. पण संबळ काही आपोआप वाजत नाही ना? त्यामागं बारा वर्षांच्या मुलाचे फुटलेले हात असतात.

आणि दुसरं. संबळाच्या मागं आईचं नाव आहे. त्यावर शिव्यांचं गाणं आलं तर आमच्या भावकीत राग येईल, आणि तो राग मला खोटा वाटत नाही.

आडगावकर

ताई, संबळावर शिव्या नको हे पटतंय. पण शिव्या येतात त्या पण कुठून तरी येतात. मुकादमाच्या तोंडच्या येतात. आमी त्याच ऐकत मोठं झालाव.

मी केज तालुक्यातला. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी बी गेलाव. आता प्लंबिंगचं काम करतो आणि लिहितो. हे माझं आहे, कुणाचं उचलेलं नाही:

पाणी आलं रेल्वेनं, नळाला नाही आलं,
टीव्हीवर लातूर भिजलं, घर कोरडंच ऱ्हायलं.
माय गेली फडाला, कोयता तिच्या हाती,
माझ्या दप्तरात पुस्तक, पुस्तकाला माती.
पटावर नाव शाळेत, कारखान्यावर पोर,
हजेरीला हाक मारा बैलगाडीच्या म्होरं.

मोबाईलवरच बोललाव, बँडलॅब ॲपवर. बीट यूट्यूबचा घेतला. कोरडवाहू सर म्हणतात तसं हलगीवर करायचं म्हणलं तर कसं करायचं ते सांगा. आमच्या गावात हलगीवाले हायेत, लग्नात वाजवितात.

दूरदेशी_लातूरकर

आडगावकर, पहिल्या दोन ओळी वाचून थांबलो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी इकडं न्यू जर्सीत बसून बातम्या बघत होतो आणि आई फोनवर सांगत होती की आपल्या गल्लीत अजून टँकरचीच वाट बघतोय. तू ते दोन ओळींत आणलंस. लिहीत राहा भाऊ.

इकडचं थोडं सांगतो. ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कनं एका इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी केली, तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. दोन टर्नटेबल आणि जुन्या रेकॉर्डी. दक्षिण ब्रॉन्क्समध्ये त्या दशकात इमारतीच्या इमारती जळत होत्या. त्या पोरांनी घरातल्या, आईबापांच्या रेकॉर्डीच काढल्या आणि त्यातला ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला.

नास क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींतला. शाळा आठवीत सुटली. त्याचा पहिला अल्बम १९९४ चा. आता नीट ऐका, त्या अल्बमवर एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, वाजतं, ते वाजवणारा नासचा बाप आहे, ओलू दारा. जॅझ आणि ब्लूजमधला वादक. वीस वर्षांच्या पोरानं आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर बापाचं वाद्य घेतलं, बापाचं नाव छापलं.

तुळजाई, तुमच्या वडिलांबद्दल वाचल्यावर हेच डोक्यात आलं.

नामांतराचा_साक्षीदार

मी निवृत्त झालोय, नांदेडला असतो. नातू म्हणाला आजोबा हे वाचा, म्हणून वाचतोय.

तुम्ही पोरं ज्याला अंडरग्राउंड म्हणता ते आम्ही जगलो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर आमच्या वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षं मोर्चात, सभेत, जयंतीत जी गाणी झाली ती कुठल्या कंपनीनं छापली नाहीत. कंदिलाच्या उजेडात वहीतून वहीत उतरली. वामनदादा कर्डक आमच्याकडं यायचे, एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करायचे, जे जेवण असेल ते जेवायचे आणि सकाळी नवं गाणं देऊन जायचे. त्याच्याही आधी भीमराव कर्डकांचे जलसे होते.

तोंडातोंडी सामना म्हणाल तर तोही जुना आहे. पैठणच्या एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात तुर्क दखनीत बोलतो, हिंदू मराठीत बोलतो, दोघं एकमेकांचं उणंदुणं काढतात आणि शेवटी समजुतीला येतात. सोळाव्या शतकात, एका ब्राह्मण संतानं, दोन बोलींत. एन-सातच्या मुला, तू जे करतोस त्याची वाट आधी मळलेली आहे. बिनधास्त जा.

मला एका गोष्टीचा आनंद आहे आणि एका गोष्टीचं दुःख. आनंद हा की आमच्या नातवंडांना बोलायला भीती वाटत नाही. दुःख हे की आमच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. कोरडवाहू, तुमच्याकडं यंत्रं आहेत, तुम्ही तरुणांची गाणी धरून ठेवता. म्हाताऱ्यांचीही धरा. आमच्यातले फार थोडे उरलेत.

सिडको_एन७

काका, नमस्कार. तुमच्या वह्यांतलं जे तोंडपाठ आहे ते मी येऊन रेकॉर्ड करतो. नांदेड लांब नाही. मनापासून सांगतोय.

आमच्या शहरातल्या कडूबाई खरातांचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. एकतारी घेऊन भीमगीत गाणारी बाई, कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पसरला आणि महाराष्ट्रभर पोचली. तिनं आवाज बदलला नाही, साज बदलला नाही.

भीतीबद्दल मात्र थोडं. २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या एका रॅपरवर राजकीय गाण्यावरून गुन्हा दाखल झाला होता. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी आपली गाणी काढून टाकली, घरच्यांनी लावलं काढायला. त्यामुळं भीती वाटत नाही असं सरसकट म्हणता येत नाही. पण नंतर त्यातल्या एकानं परत टाकलं.

कोरडवाहू (धागाकर्ता)

काका, तुमच्या शेवटच्या दोन ओळींसाठी हा धागा काढला असं समजतो. गाडी पाठवतो, किंवा यंत्रं घेऊन मीच येतो.

आता आडगावकरचा प्रश्न, हलगीवर कसं करायचं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यावर कुठं मराठीत लिहिलेलं सापडत नाही.

हलगी खोलीत आणली आणि माइक लावला की झालं असं होत नाही. वाजवण्याआधी हलगी शेकतात हे सगळ्यांनी पाहिलंय. काडीकचरा किंवा कागद पेटवायचा आणि कातडं त्याच्यावर फिरवायचं, ताण बसला की तो कडक, कोरडा आवाज येतो. एसी लावलेल्या खोलीत तेच कातडं दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. पहिला टेक आणि तिसरा टेक जोडायला गेलं की दोन वेगळ्या हलग्या वाटतात. मी आता एसी बंद ठेवतो, पंखा पण बंद, आणि मागच्या अंगणात शेकोटी तयार ठेवतो. प्रत्येक टेकच्या आधी हलगी बाहेर जाते, शेकून येते. वादकाला घाई करायची नाही. त्याचा कान सांगेल कधी तयार झाली ते.

माइक हलगीच्या तोंडावर धरू नका. स्वस्त कंडेन्सर माइक आणि दोन चॅनेलचा इंटरफेस असेल तर हलगीच्या पहिल्याच टोल्याला लाल दिवा लागतो आणि तो फाटलेला आवाज नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. एक माइक चार-पाच फुटांवर समोर, खोलीत गोधड्या टांगून. दुसरा असेल तर वादकाच्या पाठीमागं, खांद्याच्या उंचीवर. मागचा माइक बारीक काडीचा आवाज फार सुंदर पकडतो. गेन, म्हणजे माइकची पातळी, इतका खाली ठेवा की ऐकताना कमी वाटेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर पोरं पहिलं काम करतात ते म्हणजे सगळे ठोके रेघेवर बसवतात. क्वांटाइझ. तिथं हलगी मरते. बारीक काडी किंचित आधी पडते, जाड काठी किंचित मागं रेंगाळते, त्यातच तिचा ठसका आहे. मी उलटं करतो. आधी हलगीवाल्याला चार-पाच मिनिटं मनाप्रमाणं वाजवू देतो, त्यातला बसलेला तुकडा निवडतो, आणि ८०८ चा, म्हणजे ड्रम मशीनचा खोल, बेस त्याच्या ठोक्याप्रमाणं हातानं सरकवतो. यंत्रानं माणसामागं चालायचं. बूम-बॅपचा, म्हणजे जुन्या न्यूयॉर्की रॅपचा, वेग मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांच्या आसपास असतो, त्यात हलगी आरामात बसते. ट्रॅपला, म्हणजे अटलांटाकडच्या रॅपला, १४० धरतात पण गाताना अर्धाच धरतात, तिथं हलगी दुप्पट धावू शकते आणि रॅपर संथ बोलू शकतो. आडगावकर, तुझ्या त्या सहा ओळी मी या दुसऱ्या पद्धतीनं ऐकतोय डोक्यात.

वकील_नांदेड

तुळजाईंच्या प्रतिसादावर कायद्याचं सांगतो, कारण या बाबतीत आपल्या लोकांचं फार नुकसान होतंय.

पारंपरिक चालीवर कुणाचा कॉपीराइट नसतो, हे खरं. पण ती चाल वाजवणाऱ्या माणसाचा हक्क वेगळा असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणं सादर करणाऱ्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीत ३८ए आलं, त्यानुसार त्याच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी मागता येते. म्हणजे गाण्याखाली "पारंपरिक" लिहिलं म्हणून तुमच्या वडिलांचा हक्क संपत नाही.

लिहिणाऱ्या पोरांसाठी: गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्याच दुरुस्तीनं पक्का केलाय. तो करारात लिहून सोडून देता येत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेलं हवं. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. त्यामुळं "संपूर्ण जगात, कायमस्वरूपी, आजच्या आणि उद्याच्या सर्व माध्यमांत" असं वाक्य करारात दिसलं की थांबायचं आणि कुणाला तरी दाखवायचं. माझ्याकडं जालन्याचा एक मुलगा आला होता, एका कंपनीच्या तीन पानी इंग्रजी करारावर त्यानं मोबाईलवर बोटानं सही केली होती. त्यात त्याचं रंगमंचावरचं नाव सुद्धा गेलं होतं.

आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. सभासद व्हा. गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी एका कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाचा, हलगी कुणाची, कुणाला किती टक्के. सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्ती आहे तोवर हा कागद सहज होतो.

तुळजाई

वकीलसाहेब, हे मी छापून घरी लावणार आहे. वडिलांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले की मग पुढच्या वेळी नाव सांगूनच वाजवू.

स्पष्ट_बोलतो

वकीलसाहेबांचा प्रतिसाद या धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा.

माझा एक प्रश्न उरतो. हे सगळं केलं, हलगी आली, नावं आली, करार नीट झाले. ऐकणार कोण आणि कुठं? आपल्याकडं नाट्यगृह आहे ते राजकीय सत्कारांना. मैदान मिळालं तर रात्री दहाला स्पीकर बंद. पोरं सायफर करतात, म्हणजे गोल करून पाळीपाळीनं रॅप करतात, ते पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या प्लॉटवर, मोबाईलच्या उजेडात. मुंबईच्या पोरांना कॅफे होते, छोटे क्लब होते, कॉलेजचे फेस्टिव्हल होते, तिथं ती घासली गेली. नास काही यूट्यूब बघून एकदम नाही आला.

नामांतराचा_साक्षीदार

जयंती आहे की. एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या गावागावांत स्टेज बांधलेलं असतं, माणसं स्वतःहून आलेली असतात. सध्या तिथं डीजेची गाडी उभी करतात. समिती तरुणांच्याच हातात आहे. दोन तास गाडी बंद ठेवा आणि पोरांना उभं करा. लोक हुसकावून लावतील असं वाटत असेल तर तुम्ही आपल्या लोकांना ओळखत नाही. ज्यांनी रात्र रात्र जलसा ऐकला त्यांची ही नातवंडं.

सिडको_एन७

काका, हे झालं तर आमची पहिली ओळख आमच्या आजीपुढं होईल. तिच्यापुढं गायचं म्हणजे शिव्याही आपोआप गळतील, आणि खोटंही बोलता येणार नाही. महागडी गाडी, सोन्याची चेन असलं आमच्याकडं काही नाही, ते तिला माहीतच आहे.

अंबडची_पोर

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. जालना जिल्ह्यातली, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. रॅप लिहिते. घरी फक्त आईला माहीत आहे.

तुमच्या सगळ्या प्रतिसादांत "पोरं" म्हणजे मुलगेच दिसतात. प्लॉटवर रात्री सायफरला मी जाऊ शकत नाही. जयंतीच्या स्टेजवर जाऊ शकेन, तिथं आई आणि मावश्या समोर बसलेल्या असतील. जात्यावरच्या ओव्या माझी आजी गायची, त्यात ती सासरचं सगळं बोलून घ्यायची, कुणी अडवलं नाही तिला, कारण दळण चालू असायचं. गंगाखेडच्या जनाबाईंचं पण तेच. मी त्या ओवीच्या चालीत सुरुवात करते आणि मधेच वेग वाढवते.

कोरडवाहू सर, तुमच्या खोलीत रेकॉर्ड करायला किती पैसे लागतात? आणि आई सोबत आली तर चालेल का?

दूरदेशी_लातूरकर

कोरडवाहू, या ताईचं पहिलं गाणं माझ्याकडून. आडगावकरच्या गाण्यात हलगी वाजवणाऱ्याचं मानधनही. खाते क्रमांक खासगीत पाठवा. माझं नाव कुठं टाकू नका.

आडगावकर

सर, गावातल्या हलगीवाल्या मामाला विचारलाव. ते म्हणाले येतो, पण आधी गाणं ऐकव. ऐकवलं. कोयत्याच्या ओळीला म्हणाले, इथं मी गप बसतो, इथं तू एकटाच बोल. पुढच्या ओळीला वाजवू.

तसंच करायचं का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

मामा म्हणतात तसंच करायचं. आणि गाण्याच्या रचनेत मामांचं नाव येईल, वकीलसाहेबांच्या कागदावर त्यांची टक्केवारी पण.

अंबडची पोर, आईला जरूर आण. चहा घरून येतो, माझी बायकोही असते. पैशाचं दूरदेशी दादांनी मिटवलंय, पण ते नसते तरी पहिल्या गाण्याला मी घेत नाही. सकाळी नऊच्या आत पोचा, दुपारी आमच्या भागात लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर माइकमध्ये घरघर येते. वही आण. बीट उतरवून आणू नकोस, तुझी ओवी आधी नुसती ऐकू, मग त्याच्या वेगानं काय घ्यायचं ते ठरवू. जमलं तर आजीची एखादी ओवी मोबाईलवर रेकॉर्ड करून आण, मोबाईल उभा न धरता टेबलावर ठेवून, पंखा बंद करून. आजीचं पूर्ण नाव लिहून आण, कागदावर लागेल.

एन-सात, काकांकडं नांदेडला जायचं ते येत्या रविवारचं धरू. माझ्याकडचा लहान रेकॉर्डर आणतो. तू येताना जास्तीचं मेमरी कार्ड आण.